शेवग्याचं जुनं बी पाणी निवळत नाही, तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोकणातल्या घरी पावसाळ्यात विहिरीचं पाणी लाल, गढूळ होतं. मागच्या वर्षी शेवग्याच्या बियांची पूड वापरून ते छान निवळलं होतं. उरलेलं बी प्लास्टिकच्या पिशवीत फडताळात ठेवलं, थोड्या बियांची पूड करून बाटलीत भरली. यंदा जुलैत तेवढंच प्रमाण घेतलं, तर दोन तासांनीही पाणी गढूळच राहतं आणि वर तेलकट तवंग येतो. तर शेवग्याच्या बियांना मुदत असते का? आणि पूड फ्रिजमध्ये ठेवली तर टिकेल का?

मुदत असते, पण ती बियाच्या वयावर फारशी ठरत नाही. बी कोणत्या रूपात ठेवलं (टरफलासकट, सोलून, की कुटून) आणि ते कोरडं राहिलं की सादळलं, यावर ती ठरते. एकाच झाडाचं, एकाच दिवशी काढलेलं बी एका घरात वर्षभर काम देतं आणि शेजारच्या घरात दोन महिन्यांत वाया जातं. तुमच्याकडे दोन्ही चुका झाल्या आहेत. पूड आधीच करून ठेवली, आणि बी ज्या पिशवीत होतं तिच्यात दमट हवा शिरत राहिली.

हे समजायला बी पाण्यात काय करतं ते आधी पाहू. गढूळ पाण्यातले मातीचे अतिसूक्ष्म कण ऋणभारित असतात. ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून कित्येक दिवस खाली बसत नाहीत. शेवग्याच्या बियातली काही लहान प्रथिनं धनभारित असतात आणि पाण्यात सहज विरघळतात. ती कणांना चिकटतात, कण एकमेकांना धरतात, गुठळ्या जड होतात आणि साका खाली बसतो. म्हणजे तुम्हाला बियातून हवं आहे ते विरघळणारं प्रथिन. साठवणीत ते शाबूत राहिलं पाहिजे आणि पाण्यात उतरता आलं पाहिजे.

इथे एक गैरसमज दूर करतो. बी उगवत नाही म्हणजे ते पाण्यासाठीही निकामी झालं, असं नाही. शेवग्याच्या बियाची उगवणशक्ती साध्या साठवणीत लवकर घटते, पण पाणी निवळायला बी जिवंत असावं लागत नाही. उलट, उगवणारं बी दमट असेल तर महिन्याभरात बुरशीही धरू शकतं. त्यामुळे उगवणीची चाचणी या कामासाठी उपयोगाची नाही.

दुसरा गैरसमज उष्णतेचा. माळ्यावर, पत्र्याखाली बी तापलं म्हणून बिघडलं, असं बरेच जण मानतात. हे प्रथिन उष्णतेला बरंच टिकाव धरतं. वेगळं काढलेलं प्रथिन 95 अंश सेल्सिअसला 5 तास ठेवल्यावरही काम करतं, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. उन्हाळ्यातल्या 40 अंशांनी त्याचं काही बिघडत नाही. खरे शत्रू तीन: ओल, उघडा पडलेला तेलकट गर, आणि कीड.

ओलीचं काम सगळ्यात वाईट. बी सादळलं की त्यातली पाचक द्रव्यं जागी होतात आणि प्रथिनं तोडायला लागतात, पाठोपाठ बुरशी येते. गरात साधारण 30 ते 40 टक्के तेल असतं. टरफल आणि गराच्या पेशी शाबूत आहेत तोवर ते तेल आत बंद असतं. कुटलं की ते हवेला उघडं पडतं आणि हळूहळू खवट होतं. खवट तेलाचा लपेटा बसलेली पूड पाण्यात नीट भिजत नाही, गोळे होतात, प्रथिन बाहेर येत नाही. तुम्हाला दिसलेला तवंग याच तेलाचा आहे. ताज्या बियांचाही थोडा तवंग येतो, पण त्याला वास नसतो.

मलेशियातल्या एका अभ्यासात, जो 2006 साली प्रसिद्ध झाला, शेवग्याच्या बियांची पूड उघड्या आणि बंद डब्यांत, खोलीच्या तापमानाला (28 अंश) आणि फ्रिजमध्ये (3 अंश) अशी 1, 3 आणि 5 महिने ठेवून तपासली. डबा कोणता आणि तापमान किती याने मोठा फरक पडला नाही. काळाने पडला. महिनाभर ठेवलेली पूड तीन आणि पाच महिन्यांच्या पुडीपेक्षा चांगली ठरली. तेव्हा तुमच्या फ्रिजच्या प्रश्नाचं उत्तर असं, की फ्रिज पुडीला वाचवत नाही. मी तर महिन्याचीही वाट पाहू नका म्हणेन, कारण आपल्याकडच्या आषाढात दर वेळी बाटलीचं झाकण उघडलं की पूड हवेतली ओल ओढते.

हिशेब साधा आहे. टरफलासकट कोरडं बी एक हंगाम नक्की, नीट ठेवलं तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. सोललेला गर दोन-तीन आठवडे. पूड त्या दिवसापुरतीच करावी, फार तर आठवड्याची. आणि पुडीचा पाण्यातला अर्क त्याच दिवशी संपवायचा. अर्क म्हणजे प्रथिनांचं सार, जंतूंसाठी पौष्टिक अन्न. सकाळी केलेला अर्क दुसऱ्या सकाळी आंबूस वासाचा झाला असेल तर तो पाण्यात घालून तुम्ही पाणी शुद्ध करत नाही, बिघडवता.

आता कोकणाची खास अडचण. सुदानमधल्या बायका नाईलचं गढूळ पाणी शेवग्याच्या बियांनी निवळतात आणि 1970 च्या दशकापासूनच्या बऱ्याच अभ्यासाला सुरुवात तिथून झाली. तिथली हवा कोरडी. बी मडक्यात टाकून ठेवलं तरी बिघडत नाही. आपलं उलट आहे. शेंगा झाडावर वाळतात चैत्र-वैशाखात, आणि बियाची गरज लागते नेमकी जूनपासून, जेव्हा कोकणात मीठही बरणीत पाझरतं. म्हणजे सगळ्यात दमट चार महिने बी घरात काढायचं असतं. देशावर, सोलापूर-अहिल्यानगरकडे, हीच साठवण बरीच सोपी जाते. त्यामुळे कोणी म्हणालं की आमचं बी कापडी पिशवीत दोन वर्षं टिकलं, तर आधी त्याचं गाव विचारा.

सुरुवात झाडापासूनच करा. शेंग झाडावर पूर्ण तपकिरी, ठिसूळ होऊन तडकायला लागली की उतरवायची. भाजीच्या, हिरव्या शेंगेतल्या बियात निवळण्याचा गुण आलेला नसतो आणि नंतर वाळवून तो येत नाही. उशीर करून वळवाच्या पावसात शेंगा भिजू दिल्या तरी नुकसान. आत काळे डाग पडलेलं बी तिथेच वेगळं काढा. मोकळं बी काढताना त्याचे पातळ पंख झडले तर हरकत नाही, पण तपकिरी टरफल फोडू नका. ती निसर्गाने दिलेली बरणी आहे.

वाळवण सुती कापडावर, बाजेवर, एका थरात. प्लास्टिकच्या ताडपत्रीवर खालच्या बाजूला घाम धरतो. दोन-तीन दिवसांचं चांगलं ऊन पुरतं, संध्याकाळी दव पडायच्या आत घरात. लक्ष्य आहे ओल 8 टक्क्यांच्या खाली नेण्याचं. घरी मोजण्याचं यंत्र नसतं, म्हणून दोन खुणा. पहिली, पाच-सहा बिया सोलून गर वाकवून पाहा. कोरडा गर कट्कन मोडतो, ओला वाकतो किंवा चिरडतो. दुसरी, कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर बी आणि चमचाभर कोरडं मीठ घालून हलवा, दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला किंवा बियांना चिकटलं तर ओल 15 टक्क्यांच्या आसपास किंवा वर आहे, बी परत उन्हात. मीठ चिकटलं नाही म्हणजे काम झालं असं मात्र नाही, ही फक्त ढोबळ चाळणी आहे. गर मोडण्याची खूण जास्त भरवशाची.

उन्हातून आणलेलं गरम बी लगेच बरणीत भरू नका. हा एक क्षुल्लक वाटणारा आळस बरंच बी खातो. गरम बी बंद झालं की रात्री बरणी आतून घामेजते आणि तेच पाणी वरच्या थराला लागतं. सावलीत तासभर पसरून थंड होऊ द्या, आणि त्याच दिवशी भरा.

भरायचं कशात? आट्याचं घट्ट झाकण असलेली काचेची बरणी उत्तम. स्टीलचा डबा चालतो, झाकणाला भोवती मेणकापड किंवा चिकटपट्टी लावा. पातळ प्लास्टिक पिशवी नको, तिच्यातून ओल हळूहळू झिरपते आणि गाठ कधीच घट्ट बसत नाही. एक मोठी बरणी न करता महिन्याला एक अशा लहान बरण्या करा, म्हणजे जुलैची बरणी रोज उघडली तरी सप्टेंबरचं बी बंदच राहतं. काठोकाठ भरा, वर हवेला जागा कमी. ओल शोषायला कढईत कोरडे, खरपूस भाजून गार केलेले तांदूळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून प्रत्येक बरणीत ठेवा, साधारण बियाच्या निम्म्या वजनाचे. औषधांच्या डब्यातल्या सिलिका जेलच्या पांढऱ्या पुड्याही चालतात, फाटलेल्या नकोत. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी: कोणतं बी, कधी वाळवलं.

टरफलासकट बी फ्रिजमध्ये ठेवायचं तर ठेवा, तोटा नाही, पण बंद बरणी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. थंड बियावर हवेतलं पाणी लगेच जमतं. रोज फ्रिजमधून काढून दहा बिया घेऊन परत ठेवणं म्हणजे रोज थोडं थोडं भिजवणं.

किडीसाठी कोरडेपणा हेच पहिलं औषध. वाळलेल्या कडुलिंबाचा पाला थरांमध्ये घातला तर चालतो. डाळींना लावतात ती बोरिक पावडर पिण्याच्या पाण्याच्या बियाला लावू नका. धान्याच्या कोठारात वापरतात त्या विषारी गॅसच्या गोळ्या तर घरात आणायच्याच नाहीत, त्या वायूने माणसं दगावतात. आणि कृषी दुकानातलं पेरणीचं पाकीट या कामाला कधीही नको. त्या बियाला बुरशीनाशक चोळलेलं असतं, बहुतेक वेळा रंगही दिलेला असतो. रंग धुऊन विष जात नाही.

वापरताना काय पाहायचं? सोललेला गर मलईसारखा पांढरा, कडक आणि वासाला सौम्य हवा. पिवळट-तपकिरी, मऊ, भोक पडलेला, काळ्या-हिरव्या बुरशीचा किंवा खवट वासाचा गर फेका. बुरशीच्या बाबतीत दया नको. तेलबियांवर वाढणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात आणि ते पाणी उकळून नष्ट होत नाही. शंभरात दहा-पंधरा बिया अशा निघाल्या तर बाकीच्या निवडून घ्या, तीस-चाळीस निघाल्या तर सगळी बरणी टाकून द्या.

प्रमाण पाण्याच्या गढूळपणावर ठरतं आणि इथे मी एकच आकडा देऊ शकत नाही. एक गर साधारण 200 मिलिग्रॅमचा धरा. किंचित गढूळ पाण्याला 4 लिटरमागे 1 बी, मध्यम गढूळला 2 लिटरमागे 1, खूप गढूळला लिटरमागे 1, आणि पुराच्या चहासारख्या पाण्याला लिटरमागे 2. कोकणातली लाल माती आणि देशावरची काळी माती वेगळी वागते, काळ्या मातीचे कण फारच बारीक असतात. म्हणून प्रत्येक नवी बरणी उघडली की घरच्या पाण्यावर चाचणी घ्या.

चाचणी अशी. 1 ग्रॅम पूड 100 मिली स्वच्छ पाण्यात घालून पाच मिनिटं जोरात हलवा आणि मलमलीतून गाळा. या अर्काच्या 10 मिलीत 100 मिलिग्रॅम बियाचा गुण आहे. एकसारख्या पाच पारदर्शक बाटल्यांत एकाच कळशीतलं गढूळ पाणी लिटर-लिटर भरा. पहिलीत काहीच नाही, बाकींत 5, 10, 20 आणि 40 मिली अर्क. मिनिटभर जोरात, मग पाच मिनिटं अगदी हळू ढवळून दीड तास ठेवा. सर्वांत कमी अर्कात जी नितळ झाली ते तुमचं प्रमाण. पहिलीची तुलना महत्त्वाची आहे, कारण काही पाणी नुसतं ठेवूनही बरंच निवळतं आणि श्रेय बियाला जातं.

बी जुनं आहे म्हणून डोळे मिटून दुप्पट घालू नका. प्रमाण फार वाढलं की कणांवर इतकं धनभारित प्रथिन चढतं की ते पुन्हा एकमेकांना लोटायला लागतात, आणि पाणी परत गढूळ दिसतं. 20 मिलीची बाटली नितळ आणि 40 ची दुधी असेल तर तेच झालं आहे. चारही बाटल्या पहिलीसारख्याच राहिल्या तर बी संपलं.

जुन्या पण निरोगी बियासाठी एक उपाय आहे, मीठ. खारट पाण्यात हे प्रथिन साध्या पाण्यापेक्षा बरंच जास्त उतरतं. 20 लिटरच्या हंड्यासाठी 200 मिली पाण्यात अर्धा चमचा, म्हणजे 3 ग्रॅमच्या आसपास, मीठ घालून त्यात पूड हलवा. हंड्यात गेल्यावर चव जाणवत नाही. हा उपाय खवट किंवा बुरशीच्या बियाला लागू नाही.

रोजची रीत म्हणजे मध्यम गढूळ 20 लिटरला 10 बिया सोला, खलबत्त्यात बारीक करा, चहाच्या गाळणीतून चाळा. अर्क करून दुहेरी मलमलीतून हंड्यात गाळा. मिनिटभर जोरात, पाच मिनिटं हळू (मिनिटाला 15 ते 20 फेरे), मग झाकून दोन तास हात न लावता ठेवा. वरचं पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात, तळचे दोन-तीन लिटर झाडांना. साक्याबरोबर बरेच जंतू खाली जातात, पण सगळे नाही. म्हणून पिण्याचं पाणी खळखळ उकळा किंवा क्लोरीन घाला, आणि 24 तासांत संपवा, कारण अर्कातलं सेंद्रिय द्रव्य पाण्यात उरतं आणि जंतूंना वाढायला खाद्य देतं. त्याच कारणाने क्लोरीनही नेहमीपेक्षा थोडं जास्त खर्च होतं. पाणी मुळातच जवळजवळ नितळ असेल तेव्हा बी वापरूच नका, ते तिथे नीट काम करत नाही. खारटपणा, फ्लोराइड, नायट्रेट यांवर तर त्याचा उपयोगच नाही.

साठवण ज्यांना जड वाटते त्यांच्यासाठी निवळीचं बी आहे, संस्कृतातला कतक. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी स्वच्छ करणाऱ्या सात द्रव्यांत कतकाचं नाव पहिलं येतं. हे बी दगडासारखं कठीण, शेवग्यासारखं तेलकट नाही, त्यामुळे खवटपणाचा प्रश्न जवळपास नाही. ते कुटत नाहीत, सहाणेवर पाण्यात उगाळतात. म्हणजे पूड करून ठेवण्याची चूक आपोआप टळते. बी मात्र कोरडंच ठेवायचं, आणि उगाळून झालं की पुसून, वाळवून मगच परत डब्यात. एक धोका गांभीर्याने घ्या. त्याच कुळातला काजरा, म्हणजे कुचला, आपल्याकडे कोकणात भरपूर आहे आणि त्याचं बी जहाल विषारी आहे. काजऱ्याचं बी मोठं, दोन सेंटीमीटरच्या वर, चपटं बटणासारखं, राखाडी आणि रेशमी लव असलेलं. निवळीचं त्याच्या निम्म्याएवढं आणि जास्त गोलसर. चिठ्ठी नसलेल्या पुडीतलं बटणासारखं बी कितीही ओळखीचं वाटलं तरी पाण्यात घालू नका.

तुमच्या हातातल्या मालाचं सांगतो. बाटलीतली पूड टाकून द्या. पिशवीतल्या वीसेक बिया सोलून पाहा. गर पांढरा आणि बिनवासाचा असेल तर मिठाच्या अर्काने बाटल्यांची चाचणी घ्या, नाहीतर यंदाचे दोन महिने तुरटीवर काढा, ती सादळली तरी तिचा गुण जात नाही. पुढच्या वर्षासाठी रोज 15 बियांप्रमाणे 120 दिवसांना 1800 बिया लागतील. टरफलासकट एक बी सुमारे 0.3 ग्रॅमचं, म्हणजे साधारण 540 ग्रॅम. निवडीत जाणारं धरून पाऊण किलो वाळवा आणि चार बरण्यांत भरा, वैशाखातलं शेवटचं कडक ऊन संपायच्या आत.